खालच्या थराची कादंबरी

चीअरलीडिंगच्या स्पर्धांभोवती रचलेल्या इंग्रजी कादंबऱ्या मी गेली काही वर्षे हाती लागतील तशा वाचत आले आहे, आणि प्रत्येक वेळी माझी नजर एकाच पात्राचा शोध घेते: मनोऱ्याच्या तळाशी उभ्या असलेल्या मुलीचा. सर्वांत वर चढणारी मुलगी शोधावी लागत नाही. ती बहुधा मुखपृष्ठावरच असते, कथानक तिच्याभोवती फिरते आणि तिचे प्रेम, तिचा मत्सर, तिचे कोसळणे यांवर पुस्तक उभे राहते. जिच्या तळहातांवर ती उभी असते ती मुलगी मात्र एखाद्या वाक्यात येते आणि निघून जाते. देवगड तालुक्यात सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, एका शाळेत मी इंग्रजी शिकवते आणि स्नेहसंमेलनाच्या आधी मुलींचे मानवी मनोरे बसवताना क्रीडाशिक्षकांच्या मदतीला उभी राहते, त्यामुळे ही उणीव मला इतर वाचकांपेक्षा जास्त बोचत असावी.

आपल्याकडे चीअरलीडर म्हटले की २००८ साली आयपीएलबरोबर आलेल्या, सीमारेषेजवळच्या छोट्या मंचावर चौकार-षटकारांना नाचणाऱ्या परदेशी मुली आठवतात आणि त्यांच्या कपड्यांवरून तेव्हा झडलेला वादही आठवतो. स्पर्धात्मक चीअरलीडिंग हा त्याहून अगदी निराळा प्रकार आहे. तिथे दुसऱ्या कोणाचा सामना चालू नसतो आणि कोणाला प्रोत्साहनही द्यायचे नसते. संघ मॅटवर येतो, साधारण अडीच मिनिटांत कोलांट्या, उड्या, नृत्य, मनोरे आणि हवेतल्या फेकी यांचा सलग कार्यक्रम सादर करतो, परीक्षक काठिण्य आणि सफाई पाहून गुण देतात आणि कोणी पडले तर गुण कापतात. एका मुलीला वर उचलण्यासाठी सहसा दोन ‘बेस’ समोरासमोर उभ्या राहतात, त्यांच्या मागे ‘बॅक स्पॉट’ असते आणि वर जाते ती ‘फ्लायर’. बॅक स्पॉटने वरच्या मुलीचे घोटे धरायचे, तिच्या डोक्यावरची आणि खांद्यांवरची नजर क्षणभरही ढळू द्यायची नाही आणि ती पडलीच तर आधी तिची मान आणि डोके वाचवायचे, असे तिचे काम असते. सगळे आठ-आठच्या मोजणीवर चालते. कोणत्या अंकाला गुडघे वाकवायचे, कोणत्या अंकाला उचलायचे आणि कोणत्या अंकाला झेलायचे, हे सर्वांच्या अंगात मुरलेले असावे लागते, कारण एकीने अर्धा अंक आधी हात उचलला तरी वजन दुसरीच्या मनगटावर येते.

या खेळाचा इतिहासही कादंबरीकाराला मोह पडावा असा आहे. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने प्रेक्षकांसमोर येऊन घोषणा द्यायला सुरुवात केली, तिथून चीअरलीडिंगचा आरंभ मानला जातो. पुढची कित्येक वर्षे हे काम पुरुषांचे होते. १९२० च्या दशकात मुली त्यात येऊ लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धात मुलगे लष्करात गेल्यावर तर ते बहुतांशी मुलींच्याच हाती आले. लॉरेन्स हर्किमर यांनी १९४८ पासून प्रशिक्षण शिबिरे सुरू केली, त्यातून पुढे स्पर्धा, संस्था आणि मोठा व्यवसाय उभा राहिला. इतके होऊनही २०१० साली अमेरिकेतल्या एका संघीय न्यायाधीशांनी, एका विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याऐवजी चीअरलीडिंगचा संघ मोजायचे ठरवले तेव्हा, हा प्रकार अद्याप खेळ म्हणून गणता येणार नाही असा निकाल दिला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली ती २०२१ मध्ये. म्हणजे ज्या वर्षांत या मुली हाडे मोडून घेत होत्या, त्याच वर्षांत त्या खेळाडू आहेत की नाहीत याची चर्चा चालू होती. माझ्या मते कथासाहित्यात त्यांचे जे रूप रुजले त्याचे मूळ इथे आहे. दुसऱ्यांच्या सामन्याच्या कडेला उभी असलेली मुलगी लेखकाला शोभेची म्हणूनच दिसली, आणि शाळेच्या आवारातली उतरंड दाखवायला तिच्याइतके सोयीचे पात्र दुसरे नव्हते. गर्विष्ठ, सुंदर, दुष्ट, शेवटी फजित होणारी अशी चीअरलीडर अमेरिकन किशोर-साहित्यात इतकी रुळली की तिचे नाव काढताच वाचकाला पुढचे सगळे आपोआप कळावे.

रहस्यकथा आणि भयकथा यांनी तर तिला बळी म्हणून वापरले. कारा थॉमस यांच्या २०१८ च्या ‘द चीअरलीडर्स’ या कादंबरीत एका लहान गावातल्या पाच मुली मरण पावलेल्या असतात आणि संघ बरखास्त झालेला असतो, त्यामुळे पुस्तकाच्या नावात असलेला खेळ प्रत्यक्ष कथेत जवळपास नसतोच. कादंबरी म्हणून ती वाचनीय आहे, दुःख कसे घरात मुरते हे तिने चांगले दाखवले आहे, पण या लेखाच्या विषयाला तिच्याकडून फारसे काही मिळत नाही. त्यामानाने आर. एल. स्टाइन यांची १९९२ मधली चीअरलीडर्सवरची भयकथा मालिका, किशोरवयीन वाचकांसाठी भरभर लिहिलेली असूनही, एका जागी मर्माला हात घालते. तिथे झेलायला उभ्या असलेल्या मुलीचे शरीर ऐन वेळी जागच्या जागी थिजते आणि वरून येणारी मुलगी तिच्या डोळ्यांदेखत जमिनीवर आपटते. कारण दुष्ट आत्म्याचे दिलेले आहे. तरीही झेलणाऱ्या हातांना वाटणारी ही भीती खरी आहे, आणि ती खालून पाहिलेली आहे.

चित्रपटांत सर्वांत जास्त नाव झाले ते २००० साली आलेल्या ‘ब्रिंग इट ऑन’चे. पेटन रीड यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि जेसिका बेंडिंजर यांनी लिहिलेल्या या चित्रपटात एका सुखवस्तू शाळेच्या संघाची नवी कर्णधार टॉरन्स हिला कळते की ज्या कवायतींवर आपला संघ वर्षानुवर्षे विजेता ठरला त्या आधीच्या कर्णधाराने ईस्ट कॉम्प्टनमधल्या कृष्णवर्णीय मुलींच्या संघाकडून चोरलेल्या आहेत. त्या मुलींकडे राष्ट्रीय स्पर्धेला जाण्याइतके पैसे नसल्यामुळे आजवर ही चोरी उघडकीला आलेली नसते. हलक्याफुलक्या चित्रपटाने इतका गंभीर प्रश्न उचलावा, टॉरन्सने देऊ केलेला धनादेश समोरच्या कर्णधाराने नाकारावा आणि शेवटी विजेतेपद त्याच मुलींना मिळावे, याचे मला आजही कौतुक वाटते. स्पर्धेचा प्रवासखर्च हा या खेळातला फार मोठा अडसर आहे, हे त्यात ठामपणे येते. आमच्या शाळेतल्या मुलींना तो भाग समजावून सांगावा लागला नाही. जिल्हा पातळीवर निवड होऊनही एसटीच्या भाड्याचा आणि मुक्कामाचा प्रश्न पुढे उभा राहतो हे त्यांनी घरी पाहिलेले आहे.

त्याच चित्रपटात आणखी एक प्रसंग आहे. टॉरन्सच्या नेतृत्वाखालच्या पहिल्याच सरावात मनोरा कोसळतो, एका मुलीचा पाय मोडतो आणि तिची जागा रिकामी होते. त्या रिकाम्या जागेवर जिम्नॅस्टिक्स जाणणारी दुसरी नायिका कथेत येते. पाय मोडलेल्या मुलीकडे कथा नंतर क्वचितच वळते. पटकथेच्या दृष्टीने हे चपखल आहे आणि प्रेक्षक हसतोही, पण दुखापतीचा उपयोग जागा रिकामी करण्यापुरता करणे ही या प्रकारच्या कथांची जुनी सवय आहे. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या शालेय आणि महाविद्यालयीन मुलींच्या गंभीर क्रीडा-दुखापतींच्या नोंदींत चीअरलीडिंगचा वाटा दीर्घकाळ सर्वाधिक राहिलेला आहे.

या दुखापतींचा आणि चेहऱ्यावरच्या हास्याचा संबंध दाखवणारी एक सत्य घटना मला कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक अस्वस्थ करते. मार्च २००६ मध्ये बास्केटबॉलच्या एका महत्त्वाच्या सामन्यात इलिनॉयमधल्या एका विद्यापीठाची चीअरलीडर मनोऱ्यावरून डोक्यावर पडली. मानेला आधार देऊन, स्ट्रेचरला बांधून तिला मैदानाबाहेर नेत असताना विद्यापीठाचे गीत वाजू लागले आणि तिने झोपल्या झोपल्या हातांच्या ठरलेल्या हालचाली पूर्ण केल्या. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या धैर्याविषयी मला शंका नाही, आदरच आहे, पण त्या टाळ्यांविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. त्यानंतर त्याच वर्षी बास्केटबॉलच्या सामन्यांत, मॅट नसलेल्या कठीण जमिनीवर, काही उंच प्रकारांवर बंधने आली.

त्या टाळ्यांमागे काय असते हे मेगन ॲबट यांच्या ‘डेअर मी’ या २०१२ च्या कादंबरीने जितके ओळखले तितके दुसऱ्या कोणी ओळखले असे मला वाटत नाही. ॲबट मूळच्या गुन्हेकथा लिहिणाऱ्या. जुन्या काळोख्या गुन्हेकथांचा सूर त्यांनी शाळेच्या व्यायामशाळेत आणला आहे. संघाची निर्विवाद राणी बेथ, तिची विश्वासू साथीदार आणि कथेची निवेदक ॲडी, आणि नव्याने आलेली प्रशिक्षक कोलेट फ्रेंच, या तिघींच्या ओढाताणीत एका पुरुषाचा मृत्यू घडतो आणि तो कसा घडला हे शोधताना वाचकाचा सर्वांवरचा विश्वास उडत जातो. रहस्य उत्तम आहे, पण मला महत्त्वाचा वाटतो तो निवेदकाचा निर्णय. बेथला बोलायला लावणे सोपे होते. ॲबट यांनी दुसऱ्या क्रमांकावरच्या, आज्ञा पाळणाऱ्या, सतत वर पाहत असलेल्या ॲडीला बोलायला लावले. त्यामुळे सत्ता कशी दिसते हे आपल्याला ती सोसणाऱ्या आणि तिची हाव धरणाऱ्या मुलीकडून कळते.

त्या पुस्तकात शरीर सर्वत्र आहे: उपाशी पोट, जखडलेले स्नायू, काळेनिळे डाग आणि ते डाग मिरवण्यातला अभिमान. नवी प्रशिक्षक मुलींना गोडगोड नाच सोडून अवघड मनोऱ्यांकडे वळवते तेव्हा त्यांना पहिल्यांदाच आपण काहीतरी खरे करत आहोत असे वाटते, आणि त्या आनंदापोटीच त्या तिच्या इतक्या आहारी जातात की तिचे दोष पाहायला तयार होत नाहीत. प्रशिक्षकाविषयीची ही भक्ती मी अनेक खेळांत पाहिली आहे, तिच्यात चांगले आणि धोक्याचे एकाच धाग्यात विणलेले असते, आणि ॲबट यांनी तो धागा उसवून दाखवलेला नाही, हे बरे केले. माझी तक्रार एवढीच आहे की या कादंबरीतही वरची जागा कोणाला मिळणार हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. हलके होण्याची धडपड आहे. जड आणि भक्कम असण्याचा अभिमान मात्र जवळजवळ नाही. ज्या मुलीला आपली मांडी कधी डगमगणार नाही हे पक्के माहीत आहे, तिचे मन कसे असते ते या पुस्तकात आले असते तर ते मला याहून मोठे वाटले असते.

ई. के. जॉन्स्टन या कॅनेडियन लेखिकेच्या २०१६ मधल्या ‘एक्झिट, पर्स्यूड बाय अ बेअर’ची जात निराळी आहे. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मधल्या रंगसूचनेवरून शीर्षक घेतलेल्या या कादंबरीची नायिका हर्मायनी ही ऑन्टॅरिओतल्या एका लहान गावातल्या शालेय संघाची कर्णधार आहे. त्या शाळेत फुटबॉलपेक्षा चीअरलीडिंगला अधिक मान आहे, संघात मुलगेही आहेत आणि सरावाची शिस्त कोणत्याही खेळासारखीच कडक आहे. उन्हाळी शिबिरात तिच्या पेयात काहीतरी मिसळून तिच्यावर बलात्कार होतो आणि त्या रात्रीची तिला काहीच आठवण राहत नाही. अशा कथेत गावाने तोंड फिरवावे आणि मुलगी एकटी पडावी ही वाचकाची अपेक्षा असते. जॉन्स्टन यांनी तिला पालक, जिवलग मैत्रीण पॉली, प्रशिक्षक आणि बहुतांश संघ यांचा आधार दिला. काही वाचकांना हे फार आदर्श वाटेल. मला ते खेळाच्या स्वभावातून आलेले वाटते, कारण जो संघ रोज एकमेकांचे वजन पेलण्याचा सराव करतो त्याने एका मुलीला सावरणे हे अचानक उगवलेले औदार्य ठरत नाही. संघात टिकून राहायचे म्हणजे पुन्हा इतरांच्या हातांत हात द्यायचे, पुन्हा स्पर्श स्वीकारायचा, आणि हे तिच्यासाठी किती कठीण आहे हे लेखिका सरावाच्या तपशिलांतून सांगते, उपदेशातून नाही. स्पर्धा, मोजणी, संघातली जागा या गोष्टी तिथे सजावट म्हणून येत नाहीत. त्या काढून टाकल्या तर कथाच उरणार नाही.

इथे मला आपल्या गोविंदा पथकांविषयी बोलणे भाग आहे. मुंबई-ठाण्याच्या पथकांत कोकणातून गेलेल्या चाकरमान्यांची मुले मोठ्या संख्येने असतात, आणि थर लावणे म्हणजे काय हे इथल्या वाचकाला परक्या पुस्तकातून शिकायचे नाही. उच्च न्यायालयाने २०१४ साली दहीहंडीला वीस फूट उंचीची आणि किमान अठरा वर्षे वयाची मर्यादा घातली, पुढे २०१७ मध्ये उंचीची अट उठली आणि वय चौदावर आले, २०२२ मध्ये राज्य शासनाने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला. खेळ की तमाशा हा वाद आपणही अनुभवलेला आहे. आणि गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडून पाहावे: छायाचित्रात हंडीला हात घालणारा लहानगा असतो, फार तर त्याच्या खालचे दोन थर असतात. तळाला खांद्याला खांदा लावून, मान खाली घालून उभे राहिलेल्यांचे चेहरे छायाचित्रकाराला मिळतच नाहीत.

आमच्या शाळेचे मनोरे तीन थरांचे आणि साधे असतात. भातकापणी उरकल्यावर पालकांपैकी कोणीतरी टेम्पोतून पेंढा आणून टाकतो, तो मैदानावर जाड पसरून वर ताडपत्री अंथरतात आणि त्याभोवती सराव चालतो. मुली अनवाणी चढतात. सड्यावरची जांभ्याची लाल माती त्यांच्या तळव्यांना लागलेली असते, त्यामुळे सराव संपल्यावर खालच्या थरातल्या मुलींच्या पांढऱ्या सदऱ्यांवर, मानेच्या दोन्ही बाजूंना, पावलांचे लाल ठसे उमटलेले दिसतात आणि बोटेसुद्धा वेगळी ओळखू येतात. वरच्या मुलीचा सदरा स्वच्छ असतो. मी या मुलींना मधल्या सुट्टीनंतरच्या मोकळ्या तासाला ‘डेअर मी’तले काही भाग मराठीतून सांगितले, तेव्हा नववीतल्या, कायम तळाला उभ्या राहणाऱ्या एका मुलीने लगेच विचारले, “बाई, ह्यात खालचा कोणच कसा बोलणा नाय?” दुसरी म्हणाली, “वर चढणाऱ्याक सगळे बघतत, खाली रवणाऱ्याक कोण इचारणा नाय.”

त्या प्रश्नानंतर मी त्यांना त्यांच्या बाजूने लिहायला सांगितले आणि जे लिहून आले ते मला इंग्रजी पुस्तकांत मिळाले नव्हते. एकीने लिहिले की वरची मुलगी घाबरली आहे हे तिच्या चेहऱ्यावरून कोणालाच कळत नाही, पण तिच्या अंगठ्यांवरून खालच्या मुलीला आधी कळते, कारण घाबरल्यावर ती अंगठे आत वळवते. दुसरीने लिहिले की मनोरा उभा असताना तिला समोरच्या मुलीच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याशिवाय काहीच दिसत नाही, टाळ्या वाजल्या की आपला मनोरा बरा दिसत असावा असे ती ठरवते. तिसरीचा रागच होता. वरची मुलगी कोकम सरबत पिऊन आली की जड होते, तिला आधी सांगायला हवे, असे तिने अर्धे पान भरून लिहिले होते. लेखकाने संशोधन करून मिळवावेत असे हे तपशील त्या मुलींकडे आयते आहेत, आणि त्यांतून पात्र कसे उभे राहते याचे त्यांना प्रशिक्षण लागले नाही.

त्यांची दुसरी हरकत मला अधिक विचार करण्यासारखी वाटली. प्रत्येक गोष्टीत मनोरा पडतोच का, असे त्यांनी विचारले. मी आठवून पाहिले आणि खरेच, भयकथा असो, विनोदी चित्रपट असो वा ॲबट यांची कादंबरी असो, कुठे ना कुठे कोणीतरी खाली येतेच. पडणे हा कथेचा सोपा कळस असतो आणि लेखक त्याच्याकडे ओढला जातो हे मी त्यांना सांगितले. त्यावर त्यांचे म्हणणे असे की पडण्याआधीचाच वेळ जास्त कठीण असतो. शेवटची मुलगी चढल्यानंतर सरांची शिट्टी होईपर्यंत जे थांबावे लागते त्यात मांडी थरथरू लागते, नाकावर माशी बसते, हसू आवरावे लागते, आणि शेजारचीचा श्वास जोरात लागला की आपल्यालाही तसाच लागतो.

चीअरलीडिंगच्या अडीच मिनिटांतही असे थांबणे असते. वरची मुलगी एका पायावर तोल सांभाळून उभी असते तेवढे काही अंक खालच्या तिघींनी श्वास राखून, हात जराही न हलवता काढायचे असतात, आणि मोजणी मोठ्याने होत असली तरी प्रत्येकीची स्वतःची वेगळी मोजणी मनात चालू असते. माझ्या वाचनातल्या एकाही लेखकाने ते काही अंक पानभर लांबवून, तळाशी उभे राहून लिहिलेले नाहीत. ॲबट यांच्यासारख्या लेखिकेला ते सहज जमेल. आमच्या नववीच्या मुलीने मात्र त्या थांबण्यावर मालवणीत दोन पाने लिहिली आहेत, त्यांत मनोरा पडत नाही, वरच्या मुलीला नाव दिलेले नाही, आणि शिट्टी वाजायच्या आत गोष्ट संपते. शाळेच्या हस्तलिखितात ती जशीच्या तशी, मालवणीतच घ्यायची असे आम्ही ठरवले आहे.